फॉरमॅट मारायच्या आधी: गावातल्या लिनक्स कॉम्प्युटरची दुरुस्ती

परवा संध्याकाळी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातल्या एका गावातून फोन आला. वाचनालय सांभाळणारे काकाजी होते. "भाऊ, लाइन आल्यावर कॉम्प्युटर चालू केला, तं काळ्या पडद्यावर नुसतं इंग्रजी येऊन रायलं जी. दुकानवाला म्हणते फॉरमॅट मारा लागते." मी म्हटलं, "काकाजी, फॉरमॅट राहू द्या. शेवटच्या तीन ओळी वाचून दाखवा." त्यांनी एकेक अक्षर जुळवत वाचून दाखवल्या. मी सांगितलेली एक कमांड त्यांनी टाइप केली आणि पंधरा-वीस मिनिटांत वाचनालयाची देवघेव वही जशीच्या तशी उघडली.

ही वही थोडक्यात वाचली. काही वर्षांपूर्वी मात्र अशाच काळ्या पडद्यामुळे एका शाळेचं मशीन फॉरमॅट झालेलं मी पाहिलंय. पोरांच्या टीसीच्या नोंदी गेल्या आणि गुरुजींनी उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून जुन्या रजिस्टरांवरून त्या पुन्हा भरल्या. तेव्हापासून जिथे जातो तिथे एकच सांगतो: मशीन काय म्हणतंय ते आधी वाचा. फॉरमॅट कधीही मारता येतो, गेलेला डेटा परत आणता येत नाही.

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम. खालचं सगळं उबुंटू, लिनक्स मिंट आणि डेबियन या तिच्या एकाच कुळातल्या प्रकारांसाठी आहे. गावातल्या जुन्या मशीनवर बहुतेक हीच असतात. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, पण टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच वापरायचे. जिथे एखादं अक्षर मोठं हवं तिथे तसं सांगितलं आहे. 'डीएफ' लिहिलं असेल तर डी आणि एफ ही दोन अक्षरं, 'क्लीन' लिहिलं असेल तर त्या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग. मधली जागा, आडवी रेघ, तिरपी रेघ जशीच्या तशी. 'सुडो', म्हणजे एस-यू-डी-ओ, लावलं की कमांड मुख्य प्रशासकाच्या हक्काने चालते, आणि त्यासाठी मशीन पासवर्ड विचारतं. तो टाइप करताना पडद्यावर काहीच दिसत नाही, त्यामुळे कीबोर्ड बिघडला असं समजू नका.

आधी विचारा

लिनक्सच्या आधीची युनिक्स ही सिस्टिम १९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी उभी केली. त्याच धाटणीवर लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. या घराण्याचा एक मोठा गुण म्हणजे आत जे बिघडतं त्याची नोंद कुठेतरी होते. ती नोंद वाचायची सवय लावली की अर्धी दुरुस्ती तिथेच होते.

पहिलं काम कागदावरचं. काल चालत होतं का? मधे काय बदललं, म्हणजे नवा प्रिंटर, अपडेट, कोणाचा पेनड्राइव्ह? लाइन केव्हा गेली होती? मग पडद्याचा फोनने फोटो काढा, कारण रीस्टार्ट केलं की तो मजकूर जातो. मशीन सुरू होत असेल तर टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून या दोन कमांड द्या:

सिस्टमसीटीएल --फेल्ड

सुडो जर्नलसीटीएल -बी -१ -पी ईआरआर

पहिली कमांड कोणती सेवा, म्हणजे मागच्या मागे चालणारा प्रोग्रॅम, पडली ते सांगते. दुसरी मागच्या वेळी मशीन चालू असतानाच्या चुका दाखवते, कारण 'उणे एक' म्हणजे याच्या आधीची सुरुवात. रात्री लाइन गेली आणि सकाळी तुम्ही पाहताय, तर तुम्हाला हवी आहे ती रात्रीचीच नोंद. दिसणारी प्रत्येक लाल ओळ महत्त्वाची नसते. चांगल्या मशीनवरही चार-दोन असतात. जी ओळ पुन्हा पुन्हा येते तिच्याकडे पाहा.

लाइन गेली आणि मशीन काळ्या पडद्यावर अडकलं

आपल्याकडचं हे सगळ्यात मोठं दुखणं. वळवाचा पाऊस आला, डीपीवर फ्यूज उडाला, आणि चालू मशीन धाडकन बंद. लिनक्सवर डिस्कची मांडणी बहुधा एक्स्ट-फोर प्रकारची असते. ती मांडणीतला बदल करण्याआधी जर्नल नावाच्या नोंदवहीत टिपून ठेवते आणि साधारण दर पाच सेकंदांनी तो पक्का करते. म्हणून शंभरातल्या बऱ्याच वेळा पुढच्या सुरुवातीला मशीन स्वतःच सावरतं. सावरलं नाही, तर पडदा काळा राहतो आणि तळाला कंसात 'इनिटरॅमएफएस' असं लिहून येतं, म्हणजे मुख्य सिस्टिम उघडण्याआधीच्या छोट्या सिस्टिममध्ये मशीन थांबलेलं असतं.

इथे घाबरून बटण दाबत बसू नका. आधी हे टाइप करा:

एक्झिट

एंटर मारला की मशीन पुन्हा प्रयत्न करतं आणि नेमकं काय अडलंय ते सांगतं. त्यात 'अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली' अशी ओळ असते, आणि तिच्या सुरुवातीला डिस्कच्या भागाचं नाव असतं, जसं /डीईव्ही/एसडीए१. तुमच्याकडे एसडीए२ किंवा वेगळंच काही असू शकतं. पडद्यावर आहे तेच घ्या, माझ्या लेखातलं नाही.

आता थांबून डिस्कला कान लावा. टिक-टिक, खर्र असा आवाज येतोय का? पडद्यावर 'आय/ओ एरर' ही अक्षरं वारंवार दिसतात का? दिसत असतील तर डिस्कच मरायला टेकली आहे आणि पुढची कमांड तिच्यावर आणखी ताण देईल. अशा वेळी पेनड्राइव्हवरच्या उबुंटूने मशीन सुरू करा. त्याला लाइव्ह म्हणतात, त्यात काही इन्स्टॉल करावं लागत नाही. आधी तुमच्या फाइली असतात ते होम फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. दुरुस्ती त्यानंतर.

आवाज नाही, आय/ओ एरर नाही, तर मग:

एफएससीके -वाय /डीईव्ही/एसडीए१

एफएससीके डिस्कची मांडणी तपासून दुरुस्त करतं. 'वाय' म्हणजे त्याच्या प्रत्येक प्रश्नाला होकार. जुन्या मोठ्या डिस्कवर याला अर्धा तासही लागतो. या वेळेत पुन्हा लाइन गेली तर हाल होतील, म्हणून शक्य असेल तर इन्व्हर्टरवर घ्या किंवा लाइन टिकेल अशा वेळी करा. शेवटी 'फाइल सिस्टिम वॉज मॉडिफाइड' असं आलं की 'रीबूट' टाइप करा. काकाजींनी केलं ते एवढंच.

एक नियम मोडू नका. चालू, वापरात असलेल्या भागावर एफएससीके कधीही चालवायचं नाही. इनिटरॅमएफएसमध्ये किंवा लाइव्ह पेनड्राइव्हवरूनच चालवायचं. दुरुस्तीनंतर एखादी फाइल हरवली असेल तर त्या भागाच्या मुळाशी 'लॉस्ट+फाउंड' नावाचं फोल्डर असतं, त्यात पाहा. नावं गेलेली असतात, नुसते आकडे असतात, पण आतला मजकूर पुष्कळदा शाबूत सापडतो.

मशीन सुरू झाल्यावर डिस्कची तब्येत तपासा:

सुडो एपीटी इन्स्टॉल स्मार्टमॉनटूल्स

सुडो स्मार्टसीटीएल -ए /डीईव्ही/एसडीए

यात 'ए' छोटं द्यायचं आणि शेवटी भागाचा आकडा नाही, पूर्ण डिस्कचं नाव. येणाऱ्या लांब तक्त्यात 'रीअलोकेटेड सेक्टर' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळींच्या उजव्या टोकाचा आकडा पाहा. दोन्ही शून्य असतील तर दोष लाइनचा. पेंडिंगचा आकडा आठवड्यागणिक वाढत असेल तर डिस्क बदलायचे पैसे आताच बाजूला काढा. लहान यूपीएस घेतलं तर त्यावर प्रिंटर लावू नका. लेझर प्रिंटर एका दमात इतकी वीज ओढतो की यूपीएसच बसतं.

पासवर्ड बरोबर, तरी परत लॉगिनच

पासवर्ड टाकला, पडदा क्षणभर काळा झाला, आणि परत तेच लॉगिनचं पान. चुकीचा पासवर्ड असता तर तसं लिहून आलं असतं. हे बहुतेक वेळा डिस्क भरल्याचं लक्षण असतं. आत शिरताना मशीनला एक छोटी फाइल लिहायची असते आणि तिच्यासाठीही जागा उरलेली नसते.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. साधा अक्षरांचा पडदा येईल, तिथे नाव-पासवर्ड देऊन आत जा. मग:

डीएफ -एच

तिरपी रेघ एकटी असलेल्या ओळीसमोर १०० टक्के दिसलं तर चोर सापडला. भरलेली जागा एकूण जागेपेक्षा थोडी कमी असूनही शिल्लक शून्य दिसली, तर गोंधळू नका. एक्स्ट-फोर ५ टक्के जागा मुख्य प्रशासकासाठी राखून ठेवतं. आता जागा कोणी खाल्ली ते शोधा:

सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ / | सॉर्ट -एच

मधली उभी रेघ कीबोर्डवर एंटरच्या जवळ असते. शेवटच्या ओळीत एकूण बेरीज येईल आणि तिच्या लगेच वर सगळ्यात मोठं फोल्डर. ते 'व्हीएआर' असेल तर तिरप्या रेघेच्या पुढे ते नाव लिहून तीच कमांड पुन्हा द्या, आणि असं एकेक पायरी खाली उतरत जा.

एका सेवा केंद्रात मी असाच उतरत गेलो, तर व्हीएआरच्या आत लॉग, आणि लॉगच्या आत 'सिसलॉग' नावाची एकच फाइल ३८ जीबीची. १२० जीबीच्या डिस्कवर. ती पुसून टाकली असती तर काही महिन्यांनी पुन्हा तेच झालं असतं, म्हणून आधी तिचं शेपूट वाचलं:

सुडो टेल -एन २० /व्हीएआर/लॉग/सिसलॉग

वीसच्या वीस ओळी सारख्या: यूएसबीला काहीतरी जोडलं गेलं, सुटलं, जोडलं गेलं, सुटलं. टेबलावर पाहिलं तर अंगठा घ्यायच्या मशीनची वायर पोर्टात ढिली होती आणि पंख्याच्या वाऱ्याने हलत होती. प्रत्येक हेलकाव्याला नव्या ओळी पडत होत्या, महिनोन्‌महिने. वायर मागच्या घट्ट पोर्टात लावली, मग फाइल रिकामी केली:

सुडो ट्रंकेट -एस ० /व्हीएआर/लॉग/सिसलॉग

पुसण्यापेक्षा रिकामी करणं बरं. चालू सेवेने उघडून ठेवलेली फाइल पुसली, तर ती सेवा बंद होईपर्यंत जागा मोकळी होतच नाही, आणि माणूस विचार करत बसतो की पुसलं तरी डीएफ तेच का दाखवतं.

अशी एकच मोठी फाइल सापडली नाही तर नेहमीची झाडझूड करा:

सुडो एपीटी क्लीन

सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज

सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम

शेवटच्या कमांडमधलं एम मोठं. हे सिस्टिमच्या नोंदींचं जर्नल, डिस्कच्या मांडणीचं नव्हे. ते स्वतःहून डिस्कच्या १० टक्क्यांपर्यंत, पण जास्तीत जास्त ४ जीबी वाढू शकतं, म्हणून छोट्या डिस्कवर ही कमांड कामाची. रद्दीची टोपलीही रिकामी करा. पोरं व्हिडिओ डिलीट करतात, तो तिथेच पडून असतो.

डिस्क भरलेलीच नाही आणि तरी लॉगिन परत फिरतंय, तर घरच्या फोल्डरातली एक लपलेली फाइल पाहा:

एलएस -एल .एक्सऑथॉरिटी

यात एक्स आणि ए मोठी, सुरुवातीला टिंब. मालकाच्या जागी 'रूट', म्हणजे मुख्य प्रशासक, दिसलं तर कोणीतरी सुडो लावून एखादा प्रोग्रॅम उघडला होता. 'सुडो सीएचओडब्ल्यूएन' पुढे तुमचं लॉगिन नाव आणि त्या फाइलचं नाव दिलं की मालकी तुमच्याकडे परत येते.

घड्याळ मागे गेलं

"भाऊ, नेट तं चालू हाये, पण एकही साइट उघडून नाही रायली." असा फोन आला की मी आधी तारीख विचारतो. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा बटणासारखा सेल असतो. तो संपला की लाइन गेल्यावर मशीन तारीख विसरतं. वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ठरावीक तारखांपुरतंच खरं असतं, त्यामुळे मशीन जुन्या साली असेल तर ब्राउझर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतो, आणि अपडेट 'अजून वैध नाही' म्हणून थांबतं.

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू

नेट असेल तर वेळ आपोआप जुळते. नेट नसेल तर ट्रूच्या जागी फॉल्स देऊन मग हाताने भरा:

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइम '२०२६-०५-१२ १०:३०:००'

तारीख अर्थातच त्या दिवसाची घाला. सेल मात्र बदलायलाच हवा. तो घड्याळवाल्याकडेही मिळतो. मशीन बंद करून प्लग काढा आणि सेलवरची अक्षरं वर ठेवून बसवा. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या मशीनवर वेळ नेमकी साडेपाच तासांनी चुकत असेल तर सेलचा दोष नाही. लिनक्स आतलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज स्थानिक वेळेवर, आणि आपला फरक ५ तास ३० मिनिटांचा. त्यावर उपाय:

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १

अपडेटच्या मध्येच लाइन गेली

पुढच्या वेळी काही इन्स्टॉल करायला गेलं की 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' असं येतं. या दोन कमांड याच क्रमाने द्या:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

'कुड नॉट गेट लॉक' आलं तर गोष्ट वेगळी. मशीन मागच्या मागे स्वतः अपडेट करत असतं आणि त्याने कुलूप लावलेलं असतं. दहा-पंधरा मिनिटं थांबा. ते कुलूप पुसून टाका असा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नका. चालू काम अर्धवट तुटलं की मग खरंच सिस्टिम नव्याने टाकायची वेळ येते.

मशीन गोठलं

माउस हलत नाही म्हणून थेट बटण दाबून बंद केलं, तर लाइन जाण्यासारखंच नुकसान होतं. आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ वापरून पाहा. पडदा आला तर 'टॉप' कमांड द्या, सगळ्यात वरचा प्रोग्रॅम पाहा, क्यू दाबून बाहेर या आणि 'किल' पुढे त्या ओळीतला डावीकडचा पहिला आकडा द्या. परत फिरायला कंट्रोल-ऑल्ट-एफ१ किंवा एफ२.

तोही पडदा आला नाही तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरा आणि दोन-तीन सेकंदांच्या अंतराने एस, यू, बी ही अक्षरं दाबा. एस डिस्कवरचं राहिलेलं लिहून टाकतं, यू डिस्कला फक्त वाचण्यापुरतं ठेवतं, बी मशीन पुन्हा सुरू करतं. उबुंटूमध्ये या तीन कळा मुळातच चालू असतात. काही लॅपटॉपवर सोबत एफएन कळही धरावी लागते.

ऊन आणि कापूस

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि टिनाच्या खोलीत दुपारी मशीन आपोआप बंद पडतं. लोकांना वाटतं व्हायरस आला. मागची नोंद पाहा:

सुडो जर्नलसीटीएल -के -बी -१ | ग्रेप -आय टेंपरेचर

'अबव्ह थ्रेशोल्ड' किंवा 'क्रिटिकल' दिसलं तर उष्णताच. पण सगळा दोष उन्हाचा नसतो. दिवाळीनंतर कित्येक घरांत कापूस खोलीत भरलेला असतो, भाव येईपर्यंत. त्याचे तंतू पंख्यातून आत जातात आणि पंखा व जाळी यांच्यामध्ये गोधडीसारखा थर जमतो. एका लॅपटॉपमधून मी तो अख्खा उचलून काढला, बोटभर लांब, राखाडी, धुळीने घट्ट झालेला. वरून पाहिलं तर पंखा स्वच्छ दिसत होता, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

प्लग आणि बॅटरी काढा. पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, नाहीतर हवेच्या झोताने ते भणाणून फिरतं आणि बेअरिंग जातं. मग ब्लोअरने बाहेरच्या जाळीकडून आत हवा मारा. नंतर 'एलएम-सेन्सर्स' टाकून 'सेन्सर्स' ही कमांड द्या. काहीही न करता मशीन ८० अंशांच्या वर राहत असेल तर प्रोसेसरवरची पेस्ट वाळली आहे, ती बदलून घ्या.

नेट, प्रिंटर, मराठी

नेट चालत नसेल तर एकेक टप्पा तपासा. 'आयपी ए' दिल्यावर वायफायची ओळ, म्हणजे डब्ल्यूएलने सुरू होणारं नाव, दिसतच नसेल तर 'आरएफकिल लिस्ट' पाहा आणि 'सॉफ्ट ब्लॉक्ड येस' असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक ऑल' द्या. तिथेही काही नसेल तर ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारा छोटा प्रोग्रॅम, नाही. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा, त्या नेटवर 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' उघडा आणि सुचवलेला ड्रायव्हर टाका. ब्रॉडकॉमच्या चिपवर हे नेहमी लागतं. वायफाय जोडलेलं आहे आणि 'पिंग ८.८.८.८' ला उत्तर येतं, पण साइटच्या नावाला येत नाही, तर नावाचा पत्ता शोधणारा डीएनएस बिघडला आहे. वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ लिहा.

प्रिंटर बंद असताना कोणी सातबाऱ्याची प्रिंट दिली की रांग अडकते आणि प्रिंटर चालू केल्यावरही हलत नाही. 'कॅन्सल -ए' ने रांग रिकामी करा, 'सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट सीयूपीएस' द्या, मग 'एलपीस्टॅट -पी' मध्ये 'डिसेबल्ड' दिसणाऱ्या प्रिंटरचं नाव 'सीयूपीएसइनेबल' पुढे लिहा.

मराठीच्या जागी चौकोन दिसत असतील तर 'सुडो एपीटी इन्स्टॉल फॉन्ट्स-नोटो-कोअर'. पण जुन्या अर्जात चौकोन नसून इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसत असेल, तर ती फाइल कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. तिथे सिस्टिम बिघडलेली नाही, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. मूळ फाइल जपून ठेवा, कारण बदलताना जोडाक्षरं आणि रफार हमखास इकडे-तिकडे होतात आणि ते मुळाशी ताडून पाहावे लागतात.

एवढं करूनही अडलं तर कोणाला तरी विचाराल. तेव्हा "चालत नाही" एवढं न सांगता या दोन गोष्टी पाठवा: पडद्याचा फोटो, आणि 'आयएनएक्सआय -एफझेड' या कमांडचं उत्तर, यात एफ मोठं आणि झेड छोटं. त्यात मशीनची पूर्ण माहिती येते. छोट्या झेडमुळे नेटवर्कचे पत्ते आणि सिरियल नंबर लपवले जातात, त्यामुळे अनोळखी माणसालाही ते बिनधास्त पाठवता येतं.